अनोळखी फोटो आणि विस्तार कार्यकर्त्याचा फोन
छायाचित्र उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमधील मेमरी-दोष : स्वरूप, धोक्याची पातळी आणि व्यवस्थापन

पीक संरक्षणाच्या कामात एकेकाळी नमुन्याच्या काचेच्या कुपीला जे स्थान होते, ते आता मोबाइलवरील छायाचित्राने घेतले आहे. मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा भागात मक्यावर अमेरिकन लष्करी अळीची भारतात प्रथम नोंद झाली. त्यानंतर ही कीड महाराष्ट्रात पसरत असताना अळीच्या डोक्यावरील उलट्या ‘वाय’ आकाराची खूण आणि शरीराच्या मागील भागावरील चौकोनात मांडलेले चार ठिपके यांचे फोटो गावागावांतून तज्ज्ञांपर्यंत पोहोचत राहिले. महाराष्ट्रात २००९-१० पासून राबविला जाणारा क्रॉपसॅप प्रकल्प असो वा केंद्र शासनाने १५ ऑगस्ट २०२४ रोजी सुरू केलेली राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली असो, कीड सर्वेक्षणाचा मोठा भार आज मोबाइलवर आहे. कृषी विज्ञान केंद्रातील विषयतज्ज्ञ किंवा गावपातळीवरील विस्तार कार्यकर्ता हंगामात दररोज अनेक अनोळखी क्रमांकांवरून आलेले फोटो उघडतो. ते उघडणे हेच त्याचे काम आहे.

अशा स्थितीत एप्रिल २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील जबलपूर येथून एक वृत्त आले. एका तरुणाला अनोळखी क्रमांकावरून व्हॉट्सॲपवर एका वृद्ध व्यक्तीचा फोटो आला, ‘ही व्यक्ती ओळखता का?’ अशी विचारणा झाली, वारंवार फोन आल्यावर त्याने तो फोटो उतरवून घेतला आणि त्यानंतर त्याच्या खात्यातून सुमारे दोन लाख रुपये गेले. बातम्यांमध्ये या प्रकाराला ‘स्टेगॅनोग्राफी’, म्हणजे चित्रात मजकूर दडविण्याची विद्या, असे नाव दिले गेले. पाठोपाठ ‘अनोळखी क्रमांकावरून आलेला कोणताही फोटो उघडू नका’ हा संदेश शेतकऱ्यांच्या गटांतूनही फिरला.

हा सल्ला शब्दशः पाळायचा झाला, तर फोटोवरून कीड-रोग निदान करण्याची व्यवस्थाच बंद पडेल. न पाळावा, तर धोका नेमका किती आणि कोठे आहे हे माहीत हवे. या लेखाचा हेतू तेवढाच आहे. किडीचा जीवनक्रम समजल्याशिवाय फवारणीची शिफारस करू नये, हे सूत्र येथेही लागू पडते.

फोटो म्हणजे आकड्यांची चिठ्ठी

मोबाइलमधील फोटोची फाइल म्हणजे प्रत्यक्ष चित्र नव्हे. ती चित्र कसे तयार करावे हे सांगणारी आकड्यांची चिठ्ठी असते. चार हजार ठिपके रुंद आणि तीन हजार ठिपके उंच अशा फोटोत १ कोटी २० लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा व निळा अंश लिहायला तीन बाइट धरले, तर ३ कोटी ६० लाख बाइट लागतात. तरीही फाइल मात्र तीन-चार एमबीचीच असते, कारण माहिती दाबून, घड्या घालून भरलेली असते. या घड्या उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भागाला डीकोडर म्हणतात.

डीकोडर प्रथम चिठ्ठीचा वरचा भाग वाचतो: रुंदी किती, उंची किती, रंग किती. त्यानुसार तो फोनच्या मेमरीत तेवढी जागा राखून घेतो आणि मग उलगडलेले ठिपके त्या जागेत एकामागून एक भरत जातो.

रोपवाटिकेतील उदाहरण घेऊ. ९८ कप्प्यांचा प्रो-ट्रे मांडून ठेवला आहे. सोबतच्या चिठ्ठीवर ‘९८ रोपे’ असे लिहिले आहे, पण गाडीतून प्रत्यक्षात १२० रोपे उतरली. मोजणारा मजूर असेल, तर ९८ नंतर थांबेल. न मोजता लावत जाणारा असेल, तर उरलेली २२ रोपे शेजारच्या ट्रेमध्ये, तेथे आधी असलेली रोपे उपटून, लावून मोकळा होईल. मेमरीत हेच घडते तेव्हा त्याला ‘बफर ओव्हरफ्लो’ म्हणतात: राखलेल्या जागेच्या बांधापलीकडे माहिती लिहिली जाणे. शेजारची जागा दुसऱ्या कामाची असते. तेथे कधी पुढची कोणती आज्ञा पाळायची याचा पत्ता लिहिलेला असतो. तो पत्ता पुसून आपल्या सोयीचा पत्ता तेथे लिहिता आला, तर फोनचा ताबा चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे जाऊ शकतो.

येथे एक बाब ठळकपणे लक्षात घ्यावी. फोटोमध्ये स्वतःहून चालण्याची शक्ती नसते. उघडणाऱ्या सॉफ्टवेअरने मोजणीत चूक केली, तरच त्यातील आकड्यांना आज्ञेचे बळ मिळते. दोष चित्राचा नसून न मोजणाऱ्या मजुराचा असतो.

मोजणी कशी चुकते

ही चूक कशी होते याची तीन प्रत्यक्ष घडलेली किंवा नेहमी आढळणारी रूपे पाहू.

पहिले रूप बारदानाच्या हिशेबाचे. बाजार समितीत पोत्यासकट वजन केले जाते आणि त्यातून बारदानाचे वजन वजा करून निव्वळ माल ठरतो. जेपीईजी फोटोत छोटी टिप्पणी लिहिण्याची सोय असते आणि तिची लांबी दोन बाइटमध्ये नोंदवलेली असते. नियम असा, की या लांबीत ते दोन बाइटही धरायचे. त्यामुळे निव्वळ मजकूर काढण्यासाठी सॉफ्टवेअर लांबीतून दोन वजा करते. आता कोणी मुद्दाम लांबी ‘शून्य’ लिहिली तर? शून्यातून दोन गेले, उत्तर उणे दोन. पण हिशेबाच्या ज्या खणात हे उत्तर ठेवायचे, त्याला उणे संख्या ठाऊक नाही. विजेच्या जुन्या मीटरची चक्रे ०००० वरून मागे फिरवली की ९९९९ दिसतात, तसे त्या खणात ४,२९,४९,६७,२९४ हा आकडा उमटतो. मग सॉफ्टवेअर चार अब्जांहून अधिक बाइट नकलायला निघते. विंडोजच्या चित्र दाखविणाऱ्या भागात हाच दोष होता आणि मायक्रोसॉफ्टने १४ सप्टेंबर २००४ रोजी त्याची दुरुस्ती प्रसिद्ध केली.

दुसरे रूप गुणाकाराचे. रुंदी ६५,५३६ आणि उंचीही ६५,५३६ लिहिली, तर गुणाकार ४,२९,४९,६७,२९६ येतो. बत्तीस बिटांच्या खणात मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येपेक्षा हा आकडा बरोबर एकाने मोठा आहे. त्यामुळे चक्र पूर्ण फिरून खणात शून्य दिसते. जागा शून्य राखली जाते आणि लावणी मात्र चार अब्ज ठिपक्यांची सुरू होते.

तिसरे रूप एकच गट दोघांच्या नावे चढण्याचे. काम संपल्यावर सॉफ्टवेअर राखलेली जागा मोकळी झाल्याची नोंद करते. हीच नोंद चुकून दोनदा झाली, तर तीच जागा पुढे दोन वेगवेगळ्या कामांना दिली जाते. एकाने लिहिलेले दुसरा स्वतःचे समजून वाचतो. अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपमध्ये हलती जीआयएफ चित्रे उलगडणाऱ्या एका भागात असा दोष होता. मुद्दाम बिघडवलेले जीआयएफ फोनमध्ये असताना वापरकर्त्याने व्हॉट्सॲपमधील गॅलरी उघडली, की तो जागा होत असे. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याचा तपशील जाहीर झाला, तेव्हा व्हॉट्सॲपने सुधारित आवृत्ती दिलेली होती. या दोषाचा क्रमांक सीव्हीई-२०१९-११९३२ असा आहे. अशा प्रत्येक दोषाला जगभर एकच ओळख-क्रमांक दिला जातो. किडीचे शास्त्रीय नाव भाषा बदलली तरी बदलत नाही, तसेच हे.

या तिन्ही प्रकारांना मिळून ‘मेमरी-सुरक्षेचे दोष’ म्हणतात. ते मुख्यत्वे सी आणि सी प्लस प्लस या भाषांत लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आढळतात. या भाषा वेगवान आहेत, पण राखलेल्या जागेच्या बांधावर त्या स्वतः राखण ठेवत नाहीत. राखण करणे हे लिहिणाऱ्यावर सोपवलेले असते. आणि चित्रांचे बहुतेक डीकोडर वेगासाठी याच भाषांत लिहिले गेले.

गादमाशी आणि सत्तर हजार आज्ञा

एवढ्याशा मोजणीच्या चुकीतून संपूर्ण फोनचा ताबा कसा मिळू शकतो, असा प्रश्न साहजिक आहे. भाताच्या गादमाशीचे उदाहरण येथे उपयोगी पडते. गोंदिया, भंडारा भागातील शेतकऱ्यांना तिची ओळख आहे. तिची अळी फुटव्याच्या वाढीच्या कोंबाशी पोहोचते आणि त्यानंतर भाताचे रोपच तिच्यासाठी घर बांधू लागते. लोंबीऐवजी पोकळ, चंदेरी पोंगा वाढतो. पोंग्याची प्रत्येक पेशी भाताचीच असते, अळीने बाहेरून काही आणलेले नसते. रोपाची वाढीची यंत्रणा तीच राहते, फक्त आज्ञा देणारा बदलतो.

२०२१ मध्ये उघडकीस आलेल्या ‘फोर्स्डएन्ट्री’ या हल्ल्यात नेमके हेच झाले. टोरोंटो विद्यापीठातील सिटिझन लॅबला सौदी अरेबियातील एका कार्यकर्त्याच्या आयफोनमध्ये त्याच्या खुणा सापडल्या. ॲपलने १३ सप्टेंबर २०२१ रोजी दुरुस्ती दिली आणि डिसेंबरमध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या संशोधक गटाने त्याची चिरफाड प्रसिद्ध केली. संदेशातून आलेल्या फाइलींच्या नावापुढे ‘जीआयएफ’ असे लिहिले होते, पण आत पीडीएफ होते. फोनचे सॉफ्टवेअर नावावर न जाता आतील मजकूर पाहून प्रकार ठरवत असल्याने त्याने ते पीडीएफ म्हणून उघडले. त्या पीडीएफमध्ये स्कॅन व फॅक्सची पाने दाबून ठेवण्याची जेबीआयजी-२ ही जुनी पद्धत वापरली होती आणि तिच्या डीकोडरमध्ये वर सांगितलेला आकड्यांचा दोष होता. हल्लेखोरांनी त्या दोषातून बांध ओलांडला. त्यानंतर चित्र जुळविण्याच्या साध्या क्रियांच्या सत्तर हजारांहून अधिक आज्ञा रचून त्यांनी डीकोडरच्या आतच एक लहानसा संगणक उभा केला. चित्र उलगडणारी यंत्रणा तीच राहिली, पण पोंगा वाढला हल्लेखोराचा. फोनधारकाला काहीही दाबावे लागले नाही.

अंमळनेर ते सर्जापूर रोड : एकाच गिरणीचा माल

हा दोष एका कंपनीच्या एका ॲपपुरता का राहत नाही, हे समजून घेण्यासाठी तेलगिरणीकडे वळू. २९ डिसेंबर १९४५ रोजी जळगाव जिल्ह्यातील अंमळनेर येथे वनस्पती तूप व खाद्यतेलाच्या उत्पादनासाठी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन झाली. तीच पुढे संगणक क्षेत्रात उतरली आणि विप्रो या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे मुख्यालय आज बंगळूरच्या सर्जापूर रोडवर, दोड्डकन्नल्ली येथे आहे. अनेकल तालुक्यातील सर्जापूरकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या दुतर्फा आता सॉफ्टवेअर कंपन्यांची कार्यालये आहेत. तेलबियांपासून सॉफ्टवेअरपर्यंतच्या या प्रवासात एक गोष्ट मात्र बदललेली नाही: दोन्ही उद्योग कच्चा माल स्वतः पिकवत नाहीत.

तेलगिरणीत शेकडो शेतकऱ्यांचा भुईमूग येतो. त्यातील एका गाडीला बुरशी लागून अफलाटॉक्सिन झाले असेल आणि तो माल तपासणीविना ढिगात मिसळला, तर पेंडीच्या प्रत्येक पोत्यात त्याचा अंश जातो. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. चित्र उलगडण्याचा भाग प्रत्येक कंपनी नव्याने लिहीत नाही. कोणीतरी लिहून सर्वांसाठी खुला ठेवलेला तयार भाग, ज्याला लायब्ररी म्हणतात, तो उचलून आपल्या ॲपमध्ये बसवला जातो. सर्जापूर रोड असो वा कॅलिफोर्निया, रीत हीच आहे.

‘लिबवेबपी’ ही अशीच एक लायब्ररी. गूगलने २०१० मध्ये आणलेल्या वेबपी या चित्रप्रकाराची घडी ती उलगडते. सकाळी येणारे ‘सुप्रभात’चे व्हॉट्सॲप स्टिकर याच प्रकारचे असतात. ६ सप्टेंबर २०२३ रोजी ॲपलच्या सुरक्षा विभागाने व सिटिझन लॅबने या लायब्ररीतील गंभीर दोष गूगलला कळवला. ११ सप्टेंबरला क्रोमची दुरुस्ती आली आणि दुसऱ्या दिवशी फायरफॉक्सची. दोष जाहीर होण्यापूर्वीच त्याचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू झालेला होता.

दोषाचे मूळ लक्षात घेण्यासारखे आहे. वेबपीमध्ये वारंवार येणाऱ्या रंगांना आखूड संकेत आणि क्वचित येणाऱ्यांना लांब संकेत देऊन फाइल लहान केली जाते. हे संकेत उलगडण्याच्या कोष्टकाचा कमाल आकार आधीच गणित करून ठरवला होता. ते गणित बरोबर होते, पण संकेत नियमानुसार असतील असे त्यात गृहीत धरलेले होते. संकेत नियमबाह्य असल्याची तपासणी कोष्टक भरून झाल्यानंतर होत असे. तोवर बांध ओलांडलेला असे. माल गोदामात उतरवून झाल्यावर नमुना तपासण्यासारखाच हा प्रकार.

क्रोम, एज, फायरफॉक्स, अनेक संदेश-ॲप, संगणकावरील कितीतरी कार्यालयीन सॉफ्टवेअर आणि खुद्द अँड्रॉइड या सर्वांत हीच लायब्ररी बसवलेली होती. त्यामुळे मूळ लायब्ररीत दुरुस्ती होऊन भागले नाही. प्रत्येकाने ती आपल्या ॲपमध्ये घेणे आणि वापरकर्त्याने ते ॲप अद्ययावत करणे, या दोन्ही पायऱ्या पार पडाव्या लागल्या. ज्या फोनला अपडेट मिळणेच थांबले आहे, त्याच्या प्रणालीत बसलेला असा दोष तसाच राहतो.

धोक्याची पातळी ठरवताना

कीड दिसली म्हणून लगेच फवारणी करू नये, आर्थिक नुकसानीची पातळी पाहावी, असे आपण सांगतो. तोच निकष येथे लावावा.

फोटोतून थेट फोन ताब्यात घेणारे हल्ले दुर्मिळ आणि अत्यंत खर्चिक असतात. त्यांचे लक्ष्य बहुधा पत्रकार, कार्यकर्ते, राजकीय व्यक्ती असे निवडक लोक असतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये पालो आल्टो नेटवर्क्सच्या युनिट ४२ या संशोधक गटाने ‘लँडफॉल’ नावाच्या हेरगिरी सॉफ्टवेअरचा तपशील प्रसिद्ध केला. ते सॅमसंगच्या काही गॅलेक्सी फोनमध्ये डीएनजी प्रकारच्या बिघडवलेल्या फोटोंतून शिरत होते आणि त्याचा रोख पश्चिम आशिया व त्यालगतच्या भागातील व्यक्तींवर असल्याचे आढळले. ज्या दोषातून ते शिरत होते, त्याची दुरुस्ती सॅमसंगने एप्रिल २०२५ मध्येच दिली होती. असे महागडे शस्त्र सामान्य शेतकऱ्याच्या बचत खात्यासाठी खर्च होण्याची शक्यता फार कमी आहे.

शेतकऱ्याच्या खात्यावर खरी धाड पडते ती दुसऱ्या वाटेने. लग्नपत्रिका, वाहनाचे चलन, पीएम किसानची यादी अशा नावांनी गटांमध्ये फिरणाऱ्या एपीके फाइली फोटोसारख्या भासतात, पण त्या चित्र नसून ॲप असतात. त्यांना कोणत्याही मेमरी-दोषाची गरज लागत नाही. वापरकर्ता स्वतःच ‘इन्स्टॉल’ दाबतो आणि संदेश वाचण्याची परवानगी देतो. मग बँकेचा ओटीपी थेट चोराच्या हाती पडतो.

यावरून जबलपूरच्या बातमीतील ‘दडवलेल्या मजकुरा’कडे नीट पाहता येते. चित्रात मजकूर दडवता येतो हे खरे. पण बियाण्याच्या पिशवीत लपवलेली चिठ्ठी वाचणारा कोणी नसेल, तर ती तशीच पडून राहते. दडवलेल्या मजकुराला आज्ञेचे रूप यायचे, तर तीनपैकी एक गोष्ट घडावी लागते: डीकोडरमध्ये दुरुस्त न झालेला दोष असणे, ‘फोटो’ हा मुळात एपीके असणे किंवा फोनमध्ये आधीच शिरलेले ॲप तो मजकूर वाचत असणे. पहिल्यावर अपडेट हा उपाय आहे आणि उरलेल्या दोन्हींवर ‘इन्स्टॉल’ न दाबणे हा. अनोळखी फोटो नाकारण्याचा सल्ला या तिन्हींच्या मुळाशी जात नाही. ओळखीच्या व्यक्तीचा फोन बाधित असेल, तर बिघडवलेली फाइल तिच्याकडूनही येऊ शकते.

मात्र विस्तार कार्यकर्त्याची स्थिती थोडी वेगळी आहे. त्याचा क्रमांक फलकावर, पत्रकावर आणि शेकडो गटांत जाहीर असतो. त्याच्याकडे रोज नव्या लोकांकडून फाइली येतात. त्याच फोनवर त्याचे बँक खाते आणि अनेकदा शासकीय प्रणालींची लॉगिन असतात. शिवाय दुरुस्ती जाहीर झाल्यावर दोषाचा तपशीलही उघड होतो. जे शस्त्र आज मोजक्यांकडे आहे, ते पुढे जुन्या, दुरुस्ती न मिळालेल्या फोनवर स्वस्तात वापरले जाऊ शकते. म्हणून काळजी हवी, भीती नको.

उद्योगाकडून होत असलेले उपाय

एकात्मिक कीड व्यवस्थापनात एकाच उपायावर भिस्त ठेवत नाहीत. या क्षेत्रातही तीन उपाय एकत्र राबवले जात आहेत.

पहिला, चाळणी चाचणी. नव्या वाणावर मुद्दाम किडी सोडून प्रतिकारक्षमता पाहतात, तसे डीकोडरवर लाखो बिघडवलेल्या फाइली यंत्राद्वारे सोडून तो कोठे कोसळतो हे पाहतात. याला ‘फझिंग’ म्हणतात. गूगल २०१६ पासून खुल्या सॉफ्टवेअरसाठी ही सेवा चालवते. तरीही लिबवेबपीचा दोष या चाळणीतून निसटला, कारण त्यासाठी आकड्यांची फार नेमकी जुळणी लागत होती.

दुसरा, विलगीकरण. डीकोडर फोनच्या इतर भागांपासून वेगळ्या, बंदिस्त जागेत चालवला जातो. परदेशातून आलेले रोप प्रथम विलगीकरण कक्षात ठेवतात तसे. बांध ओलांडला तरी कीड शिवारात जाऊ नये, हा हेतू. मात्र या कक्षाच्या भिंतीतही कधी कधी फट सापडते.

तिसरा आणि सर्वांत मूलगामी, प्रतिकारक्षम वाण. रस्टसारख्या नव्या भाषांत बांधावरची राखण भाषेतच अंगभूत असते. न मोजता लिहिणारा भाग एकतर तयार होतानाच नाकारला जातो किंवा चालताना बांधाशीच थांबवला जातो. गूगलने नवे अँड्रॉइड सॉफ्टवेअर अशा भाषांत लिहिण्यावर भर दिल्यावर अँड्रॉइडमधील एकूण सुरक्षा-दोषांत मेमरी-दोषांचे प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले. हा लाभ अर्थात नव्या आवृत्तीच्या फोनधारकांनाच मिळतो.

विस्तार कार्यकर्ते व शेतकऱ्यांसाठी शिफारशी

१. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ या भागात ‘अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट’ची तारीख पाहावी. जुलै २०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ हा बहुमाध्यम फाइलींतील दोष उघड झाल्यानंतर गूगलने दरमहा सुरक्षा-दुरुस्ती देण्यास सुरुवात केली. तीच ही तारीख. ती सहा महिन्यांहून जुनी असेल, तर ‘सिस्टिम अपडेट’ तपासून घ्यावे.

२. व्हॉट्सॲप, क्रोम व गॅलरी ही ॲप प्ले स्टोअरमधून आपोआप अद्ययावत होतील अशी सोय ठेवावी. वायफाय उपलब्ध असलेल्या कार्यालयात आठवड्यातून एकदा अपडेट पूर्ण झाल्याची खात्री करावी.

३. ज्या फोनला कंपनीकडून अपडेट येणे बंद झाले आहे, त्यावर अनोळखी फोटो स्वीकारणे आणि बँक व्यवहार ही दोन कामे एकत्र करू नयेत. कीड निदानासाठी जाहीर केलेला क्रमांक आणि बँकेशी जोडलेला क्रमांक शक्य तेथे वेगवेगळ्या फोनवर ठेवावेत. सर्व शिफारशींत ही सर्वांत परिणामकारक आहे.

४. व्हॉट्सॲपच्या ‘स्टोरेज अँड डेटा’ सेटिंगमधील आपोआप उतरवण्याची सोय बंद करावी. शेतकऱ्याने पीक, गाव व लक्षण लिहून पाठवल्यानंतरच फोटो उतरवावा. निदानासाठी ही माहिती तशीही लागतेच.

५. स्पष्ट फोटोसाठी शेतकऱ्यास ‘डॉक्युमेंट’ऐवजी ‘एचडी’ पर्यायाने फोटो पाठवण्यास सांगावे. साध्या मोबाइलमधील फोटो जेपीजी प्रकारचा असतो. न मागता डीएनजी किंवा टिफ प्रकारची फाइल डॉक्युमेंट म्हणून आली, तर उघडण्यापूर्वी पाठवणाऱ्यास फोन करून खात्री करावी.

६. फोटो पाहण्यासाठी कधीही काही ‘इन्स्टॉल’ करावे लागत नाही आणि कोणतीही परवानगी द्यावी लागत नाही. तशी मागणी झाली, तर तो फोटो नाही हे निश्चित समजावे. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली फाइल गटप्रमुखाने तत्काळ काढून टाकावी आणि गटात तशी सूचना द्यावी.

७. केंद्रातील संगणकावर फोटो पाहताना ब्राउझर व संगणकप्रणाली अद्ययावत असावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. असे संगणक निदानाच्या कामासाठी वापरत असल्यास ते बदलण्याचा प्रस्ताव प्राधान्याने सादर करावा.

८. खात्यातून रक्कम गेल्याचे आढळताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे, बँकेस खाते गोठवण्यास सांगावे आणि फोनचे इंटरनेट बंद करावे. पुरावा राहावा म्हणून संबंधित संदेश पुसू नयेत.

पेरणीपूर्वी बीजप्रक्रिया करण्याचा आग्रह आपण धरतो, कारण उगवणीनंतर तो उपाय हातातून गेलेला असतो. फोनच्या दुरुस्तीचेही असेच आहे. खरीपपूर्व प्रशिक्षणाच्या पहिल्या सत्रात प्रत्येकाने आपल्या फोनवरील सुरक्षा-अपडेटची तारीख वाचून दाखवावी आणि ती हजेरीपटावर नोंदवावी. त्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही. ज्यांच्या फोनची तारीख जुनी आहे त्यांच्याकडे हंगामात फोटो स्वीकारण्याचे काम देऊ नये, इतरांकडे वळवावे. बोंडअळीचा प्रादुर्भाव ऐन भरात असताना अनोळखी शेतकऱ्याने पाठवलेला फोटो कोणीतरी उघडलाच पाहिजे. तो सुरक्षितपणे उघडता येईल असा फोन आपल्या केंद्रात कोणाकडे आहे, हे जून महिन्यापूर्वी ठरलेले असावे.